ब्रेक हलक्या पायाने दाबावा

सरकारी वर्कशॉपमध्ये नोकरी केलेल्या माणसाला किस्से गोळा करत हिंडावं लागत नाही. इंजिनाखाली ठेवलेल्या घमेल्यात काळं ऑइल साचत जातं तसे ते साचत जातात, आणि कधी ना कधी घमेलं रिकामं करावंच लागतं. आज तुमी सगळे चहाला बसलाच आहात, तर होऊन जाऊ दे.

सत्तरच्या दशकात मी गंगाखेडला एका खात्याच्या वर्कशॉपला फिटर होतो. खात्याचं नाव विचारू नका. सगळी खाती सारखीच, उगीच एकाला मोठेपणा कशाला द्यायचा? वर्कशॉप म्हणजे पत्र्याचं शेड, एक खड्डा, एक जीप, एक रोडरोलर आणि एक पिकअप. या तिघांना सांभाळायला, म्हणजे कागदावर सांभाळायला, नऊ माणसं. त्यातली चारच ध्यानात ठेवा. साहेब, हेड मेकॅनिक दिगंबरराव, ड्रायव्हर मैनूभाई आणि मी साळवे. एका पिकअपच्या एका चाकानं आमची चौघांची लायकी वर्षभरात बाहेर काढली. माझीसुद्धा.

* * *

आधी दिगंबरराव. हेड मेकॅनिक आणि शर्ट पांढरा, यातच सगळं आलं. दहा वर्षं स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजत बसले, सिनियॉरिटी लागली आणि एका सकाळी हेड मेकॅनिक झाले. गाडीखाली जाणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. ते खुर्चीत बसून, डोळे मिटून, नुसत्या कानानं गाडीचा रोग ओळखायचे. म्हणजे तसं ते सांगायचे.

एकदा जीप शेडमध्ये उभी होती. दिगंबररावांनी डोळे मिटले, बोट वर केलं आणि म्हणाले, "थांबा. तिसरा व्हॉल्व्ह वाजायलाय. हेड खोला."

मी म्हणालो, "दिगंबरराव, जीप बंद आहे."

आवाज भिंतीपलीकडच्या पिठाच्या गिरणीचा होता. पण एवढ्या लोकांसमोर तोंडातून शब्द गेलेला. दिगंबरराव म्हणाले, "बंद असली म्हणून काय झालं? रोग तर आत असतोच ना." आणि मला खरंच हेड खोलायला लावलं. दोन दिवस गेले. व्हॉल्व्ह सगळे ठणठणीत होते, आणि तसा रिपोर्ट दिगंबररावांनी स्वतःच्या सहीनं दिला, की आमच्या देखरेखीखाली दुरुस्ती झाली.

* * *

आता मैनूभाई. मूळचे चारठाण्याचे, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, अकरा वर्षं रोजंदारीवर ड्रायव्हर. अकरा वर्षांत एका कोंबडीलासुद्धा धक्का लागला नव्हता. कायम होणाऱ्यांची यादी दर वर्षी वर जायची आणि दर वर्षी त्यांचं नाव काही ना काही कारणानं राहून जायचं. चारठाण्याला त्यांची म्हातारी आई होती. गावाकडं गेले की ती एकच विचारायची, "पक्का हुआ क्या रे?" हे म्हणायचे, "होतंय, अम्मा, या साली होतंय." मला हे सांगताना ते हसायचे, पण त्या हसण्यात काही दम नसायचा.

त्या साली यादीत त्यांचं नाव खरंच होतं. आणि त्याच साली, दसरा होऊन महिना-दीड महिना झाला असेल, पिकअपचा मागचा ब्रेक पकडायला लागला.

ब्रेक पकडणं म्हणजे काय, तर तुमी पाय नुसता टेकवावा आणि चाकानं एकदम जाम होऊन बसावं. थांबण्याचं काम चार चाकांनी मिळून हळूहळू करायचं असतं. त्यातलं एकच चाक हट्टाला पेटलं की गाडीचं शेपूट फिरतं. मैनूभाई माझ्याकडं आले आणि म्हणाले, "साळवेभाऊ, गाडी डाव्या अंगानं पकडायलीय. मी पाय ठेवायलोय फकस्त, दाबायलोसुद्धा न्हाई. आन् ब्रेक मारला की भज्याचा वास यायलाय."

"कशाचा?"

"भज्याचा. तळणाचा."

मी हसलो. खरं सांगतो, मी हसलो. ब्रेक तापला की जळका वास येतो हे मला ठाऊक होतं, पण भजी? त्यांनी साहेबांनाही सांगितलं. साहेब म्हणाले, "सकाळी काही न खाता येता का ड्युटीवर?" दिगंबरराव एकदा स्वतः गाडीत बसून पालमपर्यंत गेले, त्यांनाही वास आला. परत येऊन म्हणाले, "पालमच्या स्टँडवर भजी तळतात. त्यात गाडीचा काय दोष?"

* * *

थंडीच्या दिवसांत पालम रोडवरच्या ओढ्याच्या पुलावर पिकअप फिरली आणि मागच्या अंगानं कठड्याला धडकली. लागलं कुणालाच नाही. पण कठडा आमच्याच खात्यानं बांधलेला आणि गाडीही आमच्याच खात्याची. त्यामुळं साहेबांना दोन रिपोर्ट लिहावे लागले. कठडा मजबूत होता, असा एक. गाडी चांगल्या स्थितीत होती, असा दुसरा. दोन्ही खरे धरले तर मधे राहिला कोण? मैनूभाई.

साहेबांनी निदान केलं की ड्रायव्हरचा पाय जड आहे. साहेब शिकलेले, डिग्रीवाले, पण त्यांचं सगळं शिक्षण टेबलाच्या वरच्या बाजूला झालं होतं. त्यांनी मैनूभाईंचे पाय पाहिले. पायात टायरच्या जाड चपला होत्या, आपल्याकडं बाजारात मिळतात त्या. साहेबांना मुद्दा सापडला. दुसऱ्या दिवशी टाइप केलेला आदेश नोटीस बोर्डावर लागला. मला तो अजून पाठ आहे. "वाहनचालकाने ब्रेक हलक्या पायाने दाबावा. पायाचा भार कमी राहावा याकरिता कर्तव्यावर असताना चप्पल वापरू नये."

दिगंबररावांनी खाली पेनानं एक ओळ वाढवली, "अंमल तात्काळ."

मैनूभाईंनी आदेश वाचून घेतला, चपला काढल्या आणि सीटमागं ठेवून दिल्या. "यादी वर जाऊ दे एकदा," ते मला म्हणाले, "तोवर साब म्हणतील तसं." अनवाणी पायानं पिकअप तशीच पकडत होती. पायाचा आणि चाकाचा काही संबंध असता तर ना.

* * *

माझ्या परीनं मी शोध लावला होता, तोही सांगतो. त्यात काही अक्कल लागत नाही. रिकामी गाडी पाच मैल फिरवून आणली आणि ब्रेकच्या चारही ड्रमवर, म्हणजे चाकांमागच्या लोखंडी डब्यांवर, हातानं पाणी शिंपडलं. तीन ड्रमवर पाणी नुसतं ओघळलं. डाव्या मागच्यावर चुर्र वाजलं. डांबरी रस्त्यावरही घासल्याची काळी रेघ एकाच चाकाची, डाव्या मागच्या. म्हणजे रोग त्या ड्रमच्या आत. उघडा, बघा, संपलं.

पण त्या गाडीचा मागचा ड्रम हातानं निघत नाही. त्याला पुलर लागतो, तीन पायांचं ड्रम ओढून काढायचं हत्यार. ते वर्कशॉपमध्ये होतं. दिगंबररावांच्या कपाटात, कुलपात, गुंडाळलेल्या तेलकट कागदासकट.

मी म्हणालो, "दिगंबरराव, पुलर द्या."

"नवा आहे तो."

"म्हणूनच तर मागायलोय."

"वापरला तर जुना होईल. वरून तपासणीला कोणी आलं की पहिलं पुलर मागतात. नवा दिसला की खूश होतात. तू जुना करून ठेवलास तर उत्तर कोण देणार?"

बरं, त्या पुलराला वर्षातून एकदा बाहेर काढायचे, खंडेनवमीला. लाल कापडावर मधोमध ठेवून पूजा व्हायची म्हणे आणि पुन्हा कपाटात. पाच वर्षांत त्यानं एक ड्रम ओढला नव्हता, नारळ मात्र पाच खाल्ले होते. मी जॉबकार्ड भरून दिलं, "डावा मागील ड्रम उघडून पाहणे." दिगंबररावांनी त्यावर शेरा मारला, "आवश्यकता नाही. चालकाचा पाय."

तुमी म्हणाल, साळवे, मग तू वर का नाही बोललास? बरोबर आहे. मी साधा फिटर होतो, घरात खाणारी तोंडं सहा होती, आणि दिगंबररावांच्या शेऱ्यावर माझं प्रमोशन अडायचं. मी गप्प बसलो. दुसऱ्यांना नावं ठेवायला बसलोय, तर ही माझीही नोंद घ्या.

* * *

मैनूभाईंनी हात जोडले म्हणून साहेब एकदा तपासणीला तयार झाले. स्वतः गाडीत बसून बघणार. आता साहेब म्हणजे एकटे येतात थोडेच? केबिनमध्ये साहेब, मागं दिगंबरराव, हेडक्लार्क, दोन शिपाई, साहेबांचा पाण्याचा माठ, सतरंजी आणि मी. गाडी पालम रोडला लागली. मैनूभाईंनी ब्रेक मारला. गाडी सरळ उभी राहिली. पुन्हा मारला, पुन्हा सरळ.

पिकअपचं असं असतं, की मागं वजन असलं तर चाक जमिनीला दाबून धरतं, घसरत नाही. रिकामी असली की हलकं शेपूट लगेच फिरतं. एवढी माणसं मागं बसल्यावर गाडी कशाला फिरेल? मी खाली उतरून साहेबांच्या खिडकीशी गेलो.

"साहेब, तुमी सगळे उतरा. रिकामी गाडी चालवू द्या आणि रस्त्यावरून बघा."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "मी उतरलो तर तपासणी कोणी करायची?"

मागून दिगंबरराव म्हणाले, "बरोबर आहे." हेडक्लार्कनं लिहून घेतलं, ब्रेक उत्तम, साहेबांसमक्ष. मैनूभाई स्टिअरिंग धरून समोर बघत बसले होते. अनवाणी पाय ब्रेकवर तसाच होता.

* * *

तरी माझ्या बोलण्यातलं वजन साहेबांना कळलं, म्हणजे फक्त वजनच कळलं. आठवड्यानं आदेश निघाला की पिकअपमध्ये कायम वाळूची सहा पोती ठेवावीत. ठेवली. गाडी लय सरळ चालायला लागली. साहेबांनी वर कळवलं की दोष शोधून दूर केला आहे. त्या कागदावर त्यांना शाबासकीही आली म्हणतात.

त्याच सुमारास दिगंबररावांच्या घरी न्हाणीचं बांधकाम निघालं. पोती सहाच राहिली, पण रोज थोडी बारीक व्हायला लागली. मी विचारलं, तर दिगंबरराव म्हणाले, "वाऱ्यानं वाळू उडते." गोदावरीकाठी जन्म काढलेल्या माणसाला हे सांगत होते. पुढं पोती फारच चपटी दिसायला लागली, तेव्हा त्यांनी त्यात भुसा भरला. पोती पुन्हा गुबगुबीत. स्टोअरची तपासणी झाली, तपासणाऱ्यानं बोटानं मोजली. सहा. बरोबर.

आणि भुशाची सहा पोती घेऊन मैनूभाई रस्त्यावर. पावसाळ्याच्या तोंडाला पालमहून परत येताना वळणावर समोर मेंढ्या आल्या. शे-सव्वाशे मेंढ्या आणि त्यांच्यात एक मेंढपाळ, पाठीवर घोंगडी. मैनूभाईंनी ब्रेकवर पाय टेकवला, गाडी पकडली, शेपूट फिरलं. त्यांनी पाय उचलला आणि गाडी सरळ बांधावरून रानात घातली. बाभळीला लागून थांबली. समोरची काच फुटली, मैनूभाईंच्या कपाळाला चार टाके पडले. एका मेंढीला काही झालं नाही.

तो मेंढपाळ पायी चालत वर्कशॉपला आला. साहेबांसमोर उभा राहून म्हणाला, "साहेब, त्या डायवरनं माजी मेंढरं वाचिवली. गाडी रानात घातली म्हणून आमी जिते हाव. त्याला कायबी करू नका."

साहेबांनी सगळं शांतपणे लिहून घेतलं. त्यांनी काय लिहिलं ते मी नंतर फाईलमध्ये वाचलं. "वाहन चालकाने रस्ता सोडून शेतात घातले, असे प्रत्यक्षदर्शीने कबूल केले."

* * *

मग चार्जशीट निघालं. दोन अपघात, शासकीय वाहनाचं नुकसान, हयगय. चौकशीला परभणीहून मोठे साहेब येणार. दोषी ठरले तर यादीतलं नाव गेलंच, कामही गेलं. अकरा वर्षं संपली.

मैनूभाई मला म्हणाले, "अम्माला काय सांगू, साळवेभाऊ? चारठाण्याला बसून पक्क्याची वाट बघायलीय ती. कच्चाबी राहिलो न्हाई म्हणू?"

उन्हाळाभर तो माणूस तापलेल्या पत्र्यावर अनवाणी पाय ठेवून गाडी चालवत होता. तळव्याला फोड आले तर हळद लावून फडकं बांधायचे, पण आदेश मोडला नाही. मोडला असता तर तेवढंच कलम वाढलं असतं. मला रात्रंदिवस त्यांचे ते पाय दिसायचे. मी ठरवलं, चौकशीत बोलायचं. प्रमोशन गेलं तर गेलं.

चौकशीची तारीख आली नेमकी खंडेनवमीची. आमच्या साहेबांची ही हुशारी. मोठे साहेब येणारच आहेत तर पूजाही त्यांच्याच हातानं होईल, नारळ-पेढ्यानं त्यांचं मन जरा मऊ होईल आणि चौकशी तासाभरात उरकेल.

माझी अडचण वेगळी होती. दसऱ्याला मी दर साल नागपूरला जायचो, दीक्षाभूमीला. आमच्या बापानं तिथं उभं राहून दीक्षा घेतली होती, चुकवायचं नाही असा घरचा नेम. त्यामुळं नऊ वर्षांत वर्कशॉपची खंडेनवमी मी कधी पाहिलीच नव्हती. त्या साली बायको म्हणाली, "लेकरांना घेऊन मी जाते. तुमी मैनूभाईसाठी थांबा. तेबी तितकंच हाय." म्हणून मी थांबलो. नसतो थांबलो तर हा शेवटचा किस्सा मला सांगता आला नसता.

* * *

शेडमध्ये टेबलावर लाल कापड. पाने ओळीनं मांडलेले, हातोड्या, जॅक, मधोमध पुलर. सगळ्यांवर हळदी-कुंकू. मोठे साहेब वयस्कर, कमी बोलणारे, चष्म्यातून सगळीकडं बघणारे. त्यांनी नारळ फोडला. जीपला हार घातला, रोलरला घातला, पिकअपला घातला. मैनूभाई कोपऱ्यात उभे, कपाळावर टाक्यांची खूण.

मग दिगंबररावांनी पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या, जमिनीवर पोतं अंथरलं आणि पिकअपच्या मागच्या चाकाशी आडवे झाले. मी बघतच राहिलो. नऊ वर्षांत त्यांना मी गाडीखाली पहिल्यांदा पाहत होतो. त्यांच्या एका हातात पितळी पळी होती, दुसऱ्या हातात पत्र्याचं नरसाळं. मी वाकून पाहिलं. डाव्या चाकाच्या आतल्या पत्र्याला एक भोक असतं. ब्रेकची पकड कमी-जास्त करायला तिथून स्क्रू-ड्रायव्हर घालतात, एरवी त्याला रबरी बूच असतं. या चाकाचं बूच कधीच पडलेलं. दिगंबरराव त्या भोकात नरसाळं धरून पळीनं तेल ओतत होते.

"दिगंबरराव, काय करायलात?"

"पूजा. खंडेनवमीला प्रत्येक हत्याराला तेल लावायचं असतं. गाडीच्या चाकालाही लावतो मी."

"ते भोक कशाचं हाय, माहिती आहे का?"

"तेल घालायचं," दिगंबरराव खालूनच म्हणाले. "नाहीतर कंपनीनं भोक ठेवलं कशाला असतं? उजव्या चाकाचं बंद आहे, तिथं जात नाही. म्हणून त्याच्या वाटणीचंही इकडंच घालतो."

"गेल्या साली?"

"गेल्या सालीही घातलं, तेव्हाच हे भोक पहिल्यांदा दिसलं मला. दोन आणि दोन, चार पळ्या." आणि मोठ्या साहेबांना ऐकू जावं म्हणून आवाज चढवला, "घरचं करडईचं, साहेब. लाकडी घाण्याचं. भेसळ नाही."

माझ्या डोक्यात सगळं एकदम लागलं. करडईचं तेल वाळलं की चिकट होतं, कढईच्या कडेला बघा, खरवडून निघत नाही. ते ब्रेकच्या लायनिंगवर, ड्रमला आतून घासणाऱ्या पट्टीवर, वर्षभर तापत होतं, वाळत होतं, ड्रमला चिकटून चाक धरत होतं. आणि तळणाचा वास येत होता. मैनूभाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी हसलो होतो. मला इतका संताप आला, त्यात निम्मा स्वतःचाच, की मी सरळ टेबलाशी गेलो आणि पुलरला हात घातला.

"ए साळवे," दिगंबरराव पोत्यावरून उठून ओरडले, "आज हत्यार उचलायचं नसतं."

"ते तुमच्यात," मी म्हणालो. "आमी छप्पन साली सोडलं."

आमचे साहेब मोठ्या साहेबांकडं बघायला लागले. मोठ्या साहेबांच्या हातात खोबऱ्याचा तुकडा होता. तो त्यांनी खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "उचला."

जॅक लावला, चाक काढलं, पुलर बसवला. पाच वर्षं पूजा खाल्लेलं हत्यार पहिल्यांदा कामाला लागलं. कुंकू माझ्या हाताला लागलं, पुढं ग्रीस लागलं, दोन्ही एक झालं. अर्ध्या तासात ड्रम सुटला. आत लायनिंग तपकिरी, चिकट, त्यावर आजचं ताजं तेल ओघळत होतं. शेडभर तळणाचा वास पसरला. मोठे साहेब खाली वाकले, लायनिंगवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि रुमालाला पुसलं.

"ड्रायव्हर, वासाची तक्रार तुम्ही दिली होती का?"

"चार बार दिली, साब. जबानी."

"लेखी नव्हती, सर," आमचे साहेब घाईनं म्हणाले.

मोठ्या साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पिकअपच्या बॉनेटवर चौकशीचा कागद ठेवून उभ्यानंच लिहिलं, चालक निर्दोष. मग मैनूभाईंना म्हणाले, "या सालच्या यादीत तुमचं नाव मी स्वतः घालतो. घरी सांगा." मैनूभाई बाहीनं डोळे पुसत राहिले. मीही तोंड फिरवून हात पुसायला लागलो.

मोठे साहेब जीपमध्ये बसून गेले. पूजेचा हार जीपवर तसाच हलत होता. दिगंबरराव पुलर फडक्यानं पुसत होते, नव्यासारखा दिसावा म्हणून. मैनूभाई पुढं आले आणि आमच्या साहेबांसमोर हात जोडून उभे राहिले. पाय अनवाणीच, टाचा काळ्या, भेगा पडलेल्या.

"साब," ते म्हणाले, "मग आता चप्पल घालू?"

साहेबांनी विचार केला. दिगंबररावांकडं पाहिलं. नोटीस बोर्डाकडं पाहिलं. आदेश तिथंच होता, वर्षभर ऊन लागून पिवळा पडलेला.

"आदेश लेखी आहे," साहेब म्हणाले. "अर्ज करा."